विदा नोंदणी प्रणाली (मोटर शर्यत)

मोटर शर्यतीतील विदा नोंदणी प्रणाली किंवा डेटा लॉगर म्हणजे धावत्या वाहनाचा वेग, स्थान, त्वरण, इंजिनाची स्थिती आणि चालकाच्या क्रिया ठरावीक कालांतराने मोजून त्या कालक्रमाने साठवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण होय. साठवलेली विदा नंतर संगणकावर आलेखांच्या रूपात पाहिली जाते आणि एका फेरीची दुसऱ्या फेरीशी तुलना केली जाते. व्यावसायिक शर्यतींत या कामासाठी स्वतंत्र अभियंते असतात. हौशी शर्यतींत मात्र चालक, यांत्रिक आणि विश्लेषक या तिन्ही भूमिका बहुधा एकाच व्यक्तीला पार पाडाव्या लागतात. त्यामुळे हौशी चालकासाठी प्रणालीची निवड ही उपकरणाच्या क्षमतेइतकीच त्याला उपलब्ध असलेला वेळ, पैसा आणि सरावाच्या फेऱ्या यांवर अवलंबून असते.

संज्ञा व स्वरूप

डेटा लॉगिंग आणि टेलिमेट्री या दोन संज्ञा अनेकदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. पण त्यांत फरक आहे. डेटा लॉगिंगमध्ये नोंद वाहनातच साठते आणि वाहन थांबल्यावर वाचली जाते. टेलिमेट्रीमध्ये हीच नोंद रेडिओ लहरींद्वारे वाहन धावत असतानाच पिट विभागाकडे पाठवली जाते. हौशी स्पर्धांत थेट प्रक्षेपणाची गरज क्वचितच भासते, कारण ती वाचून तत्काळ निर्णय घेणारा माणूस पिटमध्ये नसतो. तिसरी संज्ञा लॅप टायमर ही आहे. केवळ फेरीची वेळ दाखवणारे हे उपकरण वेळ किती लागला ते सांगते, तर डेटा लॉगर वेळ कोठे गेला ते सांगतो.

इतिहास

वाहनातील इलेक्ट्रॉनिक नोंदणीचा प्रसार १९८० च्या दशकात झाला. इंजिनाचे इंधन आणि प्रज्वलन यांचे नियंत्रण सूक्ष्मप्रक्रियकाकडे गेल्यावर तापमान, दाब व फेरे यांचे विद्युत संकेत वाहनात आपोआप उपलब्ध होऊ लागले. ते साठवणे ही पुढची पायरी होती. ब्रिटनमधील पाय रिसर्च आणि १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियात स्थापन झालेली मोटेक या कंपन्यांची नावे या क्षेत्रातील सुरुवातीच्या उत्पादकांत घेतली जातात. इटलीतील एआयएम कंपनीची उपकरणे पुढे कार्टिंग व हौशी शर्यतींत मोठ्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली.

वाहनातील वायरिंग सोपे होण्यास कॅन बस हे संदेशजाल कारणीभूत ठरले. जर्मनीच्या बॉश कंपनीने विकसित केलेले हे तंत्र १९८६ मध्ये जाहीर झाले. दोन तारांच्या एका जोडीवरून अनेक नियंत्रक एकमेकांशी बोलू शकत असल्याने, लॉगरलाही तीच जोडी जोडून डझनावारी राशी मिळवता येऊ लागल्या.

फॉर्म्युला वनमध्ये २००२ साली दुहेरी टेलिमेट्रीला, म्हणजे पिटमधून धावत्या गाडीची मांडणी बदलण्याला परवानगी होती. २००३ पासून ती बंद करण्यात आली. गाडीकडून पिटकडे येणारी एकेरी विदा मात्र चालू राहिली.

हौशी चालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा मे २००० हा मानता येतो. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात हेतुपुरस्सर मिसळलेली त्रुटी त्या महिन्यात बंद केली आणि सामान्य ग्राहकाला मिळणारी स्थाननिश्चिती एकदम कित्येक पटींनी अचूक झाली. त्यानंतर चाकावर संवेदक किंवा मार्गालगत दीपस्तंभासारखे प्रेषक न लावता केवळ एका अँटेनाच्या आधारे फेरीची वेळ व वेगाचा आलेख मिळू लागला. पुढे स्मार्टफोनमध्ये जीपीएस व त्वरणमापक आल्याने काही अ‍ॅपही हे काम करू लागले.

घटक

उपग्रह स्थाननिश्चिती

बहुतेक हौशी प्रणालींचा पाया जीपीएस ग्राहक हाच असतो. आधुनिक ग्राहक जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू या प्रणालींचे उपग्रहही वापरतात. भारताची नाविक ही स्वतंत्र प्रणाली असून, इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विकसित केलेली गगन ही जीपीएसच्या संकेतात दुरुस्ती पुरवणारी व्यवस्था आहे.

अशा ग्राहकाने दाखवलेल्या स्थानात काही मीटरांची चूक असू शकते. वेग मात्र संकेताच्या वारंवारतेतील बदलावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून काढला जात असल्याने तो स्थानापेक्षा बराच अधिक विश्वसनीय असतो. या फरकाचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. वेगाच्या आलेखावरून काढलेले निष्कर्ष सहसा टिकतात. पण १० ते १२ मीटर रुंदीच्या मार्गावर चालकाने कोणती रेषा धरली, हे साध्या ग्राहकाच्या नकाशावरून ठरवणे धोक्याचे असते.

जडत्व संवेदक

त्वरणमापक वाहनाचे पुढे-मागे, आडवे आणि उभे त्वरण मोजतो, तर जायरोस्कोप वळण्याचा कोनीय वेग मोजतो. वळणातील आडवे त्वरण वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागून मिळते. ५० मीटर त्रिज्येच्या वळणातून ताशी ९० किमी, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर १२.५ मीटर प्रति वर्ग सेकंद, अर्थात गुरुत्वाच्या सुमारे १.२७ पट त्वरण येते. टायर यापेक्षा अधिक पकड देऊ शकत असतील, तर त्या वळणात वेग शिल्लक आहे असा अर्थ होतो. हा संवेदक गाडीच्या गुरुत्वमध्याजवळ आणि सांगाड्याला घट्ट बसवावा लागतो. सैल बसवल्यास तो गाडीऐवजी स्वतःच्या कंपनाची नोंद करतो.

वाहनातील संदेशजाल

रस्त्यावरील मोटारींत निदानासाठी ओबीडी जोडणी असते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीची झाली. भारतात चारचाकी वाहनांसाठी ओबीडीचे टप्पे २०१० नंतर लागू झाले. या जोडणीतून इंजिनाचे फेरे, थ्रॉटलची स्थिती, पाण्याचे तापमान यांसारख्या राशी मिळतात. मात्र ही पद्धत प्रश्नोत्तरांची आहे. लॉगर एकेक राशी विचारतो आणि नियंत्रक उत्तर देतो, त्यामुळे राशींची संख्या वाढली की प्रत्येकीचा दर घटतो. सेकंदाला एकूण २० उत्तरे मिळत असतील आणि ४ राशी मागितल्या असतील, तर प्रत्येक राशी सेकंदाला ५ वेळाच कळते. ताशी १८० किमी वेगाने गाडी या दोन उत्तरांच्या दरम्यान १० मीटर पुढे गेलेली असते.

याउलट कॅन बसवरील नियंत्रकांचे आपापसांतले संदेश थेट ऐकणारा लॉगर अधिक वेगवान नोंद करतो. त्यासाठी त्या मॉडेलच्या संदेशांचा अर्थ लावणारी संकेतसूची लॉगरच्या उत्पादकाकडे असावी लागते. भारतीय बाजारातील काही मोटारींसाठी ती तयार मिळत नाही. भारतीय स्पर्धांत दीर्घकाळ धावलेल्या मारुती एस्टीमसारख्या जुन्या मोटारींत तर या दोन्ही वाटा बंद असतात आणि स्वतंत्र संवेदकांशिवाय पर्याय राहत नाही.

स्वतंत्र संवेदक

ब्रेकमधील द्रवाचा दाब, सुकाणूचा कोन, स्प्रिंग-शॉक अ‍ॅब्सॉर्बरची हालचाल, चाकांचा वेग, तेलाचा दाब व तापमान आणि धुरातील ऑक्सिजनचे प्रमाण यांसाठी वेगळे संवेदक लावता येतात. ते बहुधा ० ते ५ व्होल्टचा संकेत देतात. १० बिटचा परिवर्तक या पल्ल्याचे १,०२४ आणि १२ बिटचा ४,०९६ भाग पाडतो. ० ते १०० बार मोजणाऱ्या ब्रेकदाब संवेदकासाठी १० बिटनेही सुमारे ०.१ बारचा फरक कळतो, जो चालकाचा पाय तपासण्यास पुरेसा असतो. म्हणून जाहिरातीतील बिटसंख्येपेक्षा संवेदकाची जोडणी, भूसंपर्क आणि प्रज्वलनाच्या तारांपासूनचे अंतर यांकडे लक्ष देणे अधिक उपयुक्त ठरते.

नमुनादर

एका सेकंदात किती वेळा मोजणी होते, त्याला नमुनादर म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये सांगितला जातो. नमुनाकरणाच्या सिद्धान्तानुसार एखादा बदल योग्य प्रकारे टिपण्यासाठी त्याच्या सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक दर लागतो. व्यवहारात त्याच्या अनेक पट दर ठेवला जातो. ताशी १८० किमी म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेगाने धावणाऱ्या गाडीच्या दोन लागोपाठ नोंदींमधील अंतर पुढीलप्रमाणे असते:

• १ हर्ट्झ (अनेक फोनमधील जीपीएसचा नेहमीचा दर): ५० मीटर
• ५ हर्ट्झ: १० मीटर
• १० हर्ट्झ: ५ मीटर
• २५ हर्ट्झ: २ मीटर

१ हर्ट्झच्या नोंदीत एखादे लहान वळण जवळजवळ पूर्ण निसटू शकते. चालकाच्या तंत्राचा अभ्यास करण्यासाठी १० हर्ट्झ हा सर्वसाधारणपणे किमान दर मानला जातो. सर्वच राशींना सारखा दर लागत नाही. पाण्याचे तापमान सेकंदाला एकदा मोजले तरी चालते. ब्रेक व थ्रॉटलसाठी २० ते ५० हर्ट्झ पुरतात. स्प्रिंगवर डोलणाऱ्या गाडीच्या शरीराची वारंवारता काही हर्ट्झच असली, तरी चाकाच्या उसळीची वारंवारता साधारण १० ते १५ हर्ट्झ असल्याने निलंबन मोजण्यासाठी १०० हर्ट्झ किंवा अधिक दर ठेवावा लागतो.

साठवणक्षमता ही आज अडचण राहिलेली नाही. २० राशी प्रत्येकी १०० हर्ट्झने व २ बाइटमध्ये साठवल्या, तरी तासाभराची नोंद सुमारे १४.४ मेगाबाइट भरते. अडचण असते ती नोंद वाचायला लागणाऱ्या वेळेची.

प्रणालींचे प्रकार

हौशी चालकास उपलब्ध असलेल्या प्रणालींचे ढोबळमानाने चार गट पडतात.

• स्मार्टफोनवरील अ‍ॅप: रेसक्रोनो, हॅरीज लॅपटायमर, ट्रॅकअ‍ॅडिक्ट ही यांची उदाहरणे. खर्च सर्वांत कमी असतो. फोनला ब्लूटूथवरून १० हर्ट्झ किंवा अधिक दराचा बाह्य जीपीएस ग्राहक जोडल्यास नोंदीचा दर्जा पुष्कळ सुधारतो.
• स्वयंपूर्ण जीपीएस लॉगर: अँटेना, त्वरणमापक, पडदा आणि बॅटरी एकाच डबीत असते. एआयएमची सोलो मालिका किंवा रेसलॉजिकची व्हीबॉक्स उपकरणे या गटात येतात. एका गाडीतून दुसरीत सहज हलवता येतात, म्हणून भाड्याच्या गाडीवर धावणाऱ्यांना सोयीची असतात.
• दृश्यचित्रणासह लॉगर: वेग, फेरे, ब्रेक यांची आकडेवारी चित्रफितीवर उमटते. चालकाची नजर, हात आणि मार्गावरील जागा एकत्र दिसत असल्याने प्रशिक्षकासाठी ही नोंद विशेष उपयोगी असते.
• विस्तारक्षम लॉगर व डॅशबोर्ड: मोटेक, एआयएम व अन्य उत्पादकांच्या या प्रणालींना अनेक संवेदक जोडता येतात आणि इंजिनाच्या संरक्षणासाठी इशारे ठरवता येतात. उपकरणाइतकाच, कधी कधी त्याहून अधिक खर्च संवेदक व वायरिंगवर होतो.

निवडीचे निकष

निवडीची सुरुवात उपकरणापासून न करता प्रश्नापासून करणे इष्ट ठरते. मार्ग नवा असलेल्या चालकाचा प्रश्न बहुधा कोणत्या वळणात वेळ जातो हा असतो. त्याचे उत्तर केवळ जीपीएसवर मिळते. ब्रेक लवकर लागतो की हळू सुटतो, हा प्रश्न आल्यावर ब्रेकदाबाचा संवेदक हवा. वळणात पुढची बाजू घसरते की मागची, हे जाणण्यासाठी सुकाणूकोन व जायरोस्कोप हवेत. ज्या राशीवरून कोणताही निर्णय होणार नाही, ती मोजण्याने केवळ खर्च आणि गोंधळ वाढतो.

दुसरा निकष संगणकावरील विश्लेषण आज्ञावलीचा आहे. मोटेकची आय-टू व एआयएमची रेस स्टुडिओ ही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत. खरेदीपूर्वी आज्ञावली उतरवून घेऊन एखादी नमुना नोंद उघडून पाहणे हा निवडीचा स्वस्त व खात्रीचा मार्ग आहे. नोंद सर्वसामान्य सारणीच्या स्वरूपात बाहेर काढता येते का, हेही पाहावे लागते. अन्यथा उपकरण बदलताना जुनी सर्व विदा निरुपयोगी होते.

तिसरा निकष सोबत्यांचा आहे. त्याच गटात धावणारे अनुभवी चालक जी प्रणाली वापरतात तीच घेतल्यास त्यांच्या नोंदीशी थेट तुलना करता येते. अधिक वेगवान चालकाची एक फेरी ही नवख्यासाठी महागड्या संवेदकापेक्षा मोलाची असते.

चौथा निकष उष्णतेचा असून भारतात तो दुर्लक्षिता येत नाही. अ‍ॅपल कंपनी आयफोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस परिसर तापमानाची शिफारस करते. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती आणि उन्हात उभ्या बंद गाडीतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच अधिक असते. काचेला चिकटवलेला फोन अशा स्थितीत पडदा मंद करतो किंवा बंद पडतो आणि नेमकी महत्त्वाची फेरी नोंदली जात नाही. म्हणून उपकरणाची तापमानमर्यादा, धूळ व पाण्यापासूनचे संरक्षण आणि गाडीच्या १२ व्होल्ट पुरवठ्यावर चालण्याची सोय तपासावी लागते.

पाचवा निकष देखभालीचा आहे. यांतील बहुतेक उपकरणे परदेशी बनावटीची असल्याने किमतीत आयात शुल्क व करांची भर पडते आणि दुरुस्तीस वेळ लागतो. प्रमाणित जोडण्या व सहज मिळणारे संवेदक वापरणारी प्रणाली स्थानिक ऑटो इलेक्ट्रिशियनलाही सांभाळता येते.

विदेचे विश्लेषण

आलेखाचा आडवा अक्ष वेळेऐवजी अंतराचा ठेवणे ही विश्लेषणाची पहिली पायरी होय. वेळेनुसार मांडल्यास दोन फेऱ्यांतील एकच वळण आलेखात वेगवेगळ्या जागी येते. अंतरानुसार मांडल्यास ते एकमेकांवर बसते. त्याखाली दोन फेऱ्यांतील वेळेच्या फरकाची रेषा काढली जाते. ही रेषा जेथे चढते तेथे वेळ गमावलेला असतो.

वेगाच्या आलेखावरून चार गोष्टी प्रथम पाहिल्या जातात: ब्रेक कोठे लागला, वळणातील किमान वेग किती, थ्रॉटल पुन्हा कोठे उघडला आणि सरळ मार्गाच्या शेवटी वेग किती झाला. नवखा चालक बहुधा ब्रेक उशिरा लावण्यात फायदा शोधतो. प्रत्यक्षात उशिरा ब्रेक लावून वळणातून संथ बाहेर पडल्यास नुकसान पुढच्या सरळ मार्गभर होत राहते. ६०० मीटरच्या सरळ मार्गावर सरासरी वेग सेकंदाला ३६ ऐवजी ३७ मीटर राहिल्यास वेळ १६.६७ सेकंदांवरून १६.२२ सेकंदांवर येतो, म्हणजे ०.४५ सेकंद वाचतात. ब्रेकचे ठिकाण काही मीटर पुढे सरकवून मिळणारा लाभ याच्या तुलनेत लहान असतो.

आडवे त्वरण व पुढे-मागे त्वरण एकाच आकृतीत बिंदूंनी मांडल्यास टायरच्या पकडीचे वर्तुळ दिसते. कुशल चालकाचे बिंदू वर्तुळाच्या कडेजवळ पसरतात, कारण तो ब्रेक सोडता सोडता गाडी वळवतो. नवख्याचे बिंदू अधिकच्या चिन्हासारखे दिसतात: आधी ब्रेक, मग वळण, मग थ्रॉटल. चाकांचा वेग आणि जीपीएसचा वेग यांतील तफावतीवरून चाक अडकल्याचे किंवा जागच्या जागी फिरल्याचे कळते.

विदा नोंदणीचा उपयोग केवळ वेळ कमी करण्यापुरता नाही. लांब वळणात तेल तळपात्राच्या एका बाजूला सरकते आणि शोषकनळीला क्षणभर हवा मिळते. मिनिटाला ६,००० फेरे घेणारे इंजिन अर्ध्या सेकंदात ५० वेळा फिरते. तेवढे फेरे तेलाच्या दाबाविना झाल्यास बेअरिंगना इजा होऊ शकते. त्या क्षणी चालकाची नजर मार्गावर असते आणि इशाऱ्याचा दिवा लागून विझतो. तेलाच्या दाबाची नोंद असल्यास ठरावीक वळणातील खड्डा आलेखात स्पष्ट दिसतो आणि तळपात्रात अडथळे बसवून इंजिन वाचवता येते. स्वतःच्या खर्चाने धावणाऱ्या चालकाच्या बाबतीत एका इंजिनाचे नुकसान म्हणजे पुष्कळदा संपूर्ण हंगामाचा शेवट असतो.

कार्टिंग व दुचाकी

कार्टमध्ये जागा व वजन मर्यादित असल्याने सुकाणूवर बसणारे छोटे लॉगर वापरले जातात. एआयएमचे मायक्रॉन हे या गटातील प्रसिद्ध उपकरण आहे. इंजिनाचे फेरे स्पार्क प्लगच्या तारेभोवती गुंडाळलेल्या वायरने आणि तापमान इंजिनाच्या डोक्यावर किंवा पाण्याच्या नळीत बसवलेल्या संवेदकाने मोजले जाते. या दोन राशींवरून दातेरी चक्रांचे गुणोत्तर व कार्ब्युरेटरची जुळणी ठरवता येते.

दुचाकीत झुकावाचा कोन ही महत्त्वाची राशी असते. स्थिर वळणात दुचाकी झुकलेली असताना तिच्यावरील एकत्रित बल तिच्याच उभ्या अक्षाच्या दिशेने येते, म्हणून केवळ त्वरणमापकाला झुकाव ओळखता येत नाही. जायरोस्कोप व वेग यांची जोड द्यावी लागते. इंजिनाचे कंपन तीव्र असल्याने उपकरण रबरी आधारावर बसवले जाते. कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाकींत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक नसल्याने स्वतंत्र संवेदक लावावे लागतात.

भारतातील संदर्भ

भारतातील मोटर क्रीडेचे नियमन १९७१ मध्ये स्थापन झालेला भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघ (एफएमएससीआय) करतो. पूर्वी चेन्नईजवळच्या शोलावरम येथील धावपट्टीवर शर्यती होत. १९९० पासून चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचे ३.७१७ किमी लांबीचे सर्किट वापरात आहे. कोइम्बतूरजवळील कारी मोटर स्पीडवे हे एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखले जाते. ग्रेटर नोएडातील ५.१२५ किमी लांबीच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन आणि २०२३ मध्ये मोटोजीपी शर्यत झाली.

महाराष्ट्रात या दर्जाचे सर्किट नसले, तरी कोल्हापूर येथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. पुण्याजवळ चाकण येथे कारखाना असलेल्या फोक्सवॅगनने २०१० मध्ये भारतात पोलो कप ही एकाच प्रकारच्या मोटारींची स्पर्धा सुरू केली. अशा स्पर्धेत सर्व गाड्या सारख्या असल्याने दोन चालकांच्या नोंदींतील फरक बहुतांशी चालकाच्या तंत्राचाच असतो आणि म्हणून विदेची तुलना तेथे सर्वाधिक अर्थपूर्ण ठरते.

विदर्भातील चालकासाठी अंतर हा निर्णायक घटक आहे. नागपुरातील धंतोलीसारख्या मध्यवर्ती भागातून चेन्नईचे सर्किट सुमारे १,१०० किमी, कोइम्बतूरचे सुमारे १,४०० किमी, तर ग्रेटर नोएडाचे हजार किलोमीटरांच्या आसपास आहे. गाडी किंवा दुचाकी वाहून नेणे, निवास, टायर, इंधन व प्रवेशशुल्क यांचा विचार करता सरावाची प्रत्येक फेरी महाग पडते आणि वर्षात मोजकीच सत्रे मिळतात. सर्किटजवळ राहणारा चालक जे वारंवार धावून शिकतो, ते दूरच्या चालकाला घरी बसून आलेखांतून शिकावे लागते. २० मिनिटांच्या एका सत्रात दोन मिनिटांच्या दहा फेऱ्या झाल्या, तर १० हर्ट्झने प्रत्येक फेरीच्या १,२०० नोंदी मिळतात. त्यांचा अभ्यास पुढील सत्रापर्यंत आठवडेच्या आठवडे करता येतो. त्यामुळे अशा चालकासाठी साधा पण न चुकता चालणारा लॉगर गुंतागुंतीच्या प्रणालीपेक्षा श्रेयस्कर ठरतो: हजार किलोमीटर जाऊन नोंदच न मिळणे ही त्याची सर्वांत मोठी हानी असते. निघण्यापूर्वी रिकाम्या व सुरक्षित जागेत मर्यादित वेगाने जोडणीची चाचणी घेणे, सर्किटचा नकाशा व आरंभरेषेचे स्थान आधीच उपकरणात भरणे आणि प्रत्येक सत्रानंतर नोंद उतरवून तिची प्रत ठेवणे ही काळजी यासाठीच घेतली जाते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना या तंत्राची ओळख बहुधा विद्यार्थी स्पर्धांतून होते. कारी मोटर स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत, एसएई इंडियाची सुप्रा व खडबडीत मार्गासाठीची बाहा या त्यांपैकी प्रमुख स्पर्धा आहेत. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थी संघाने विद्युत मोटारीसह इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथील फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेतही भाग घेतला आहे. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांनुसार विद्युत मोटारीने बॅटरीतून घेतलेली शक्ती ८० किलोवॅटपेक्षा अधिक असता कामा नये आणि तिची पडताळणी आयोजकांच्या डेटा लॉगरने होते. येथे लॉगर हा सल्लागार नसून पंच असतो. या स्पर्धांत मांडणीचे निर्णय परीक्षकांसमोर सिद्ध करावे लागत असल्याने, स्वतः बनवलेल्या लॉगरचीही नोंद नीट अंशांकित असेल तर तिला महत्त्व मिळते.

सुरक्षितता व नियम

लॉगर कोठे व कसा बसवला आहे, हे तांत्रिक तपासणीत पाहिले जाते. २०० ग्रॅम वजनाचा फोन २० जी त्वरणाच्या आघातात सुमारे ४ किलो वजनाइतके बल निर्माण करतो. केवळ चोषणपकडीने लावलेला फोन अशा वेळी चालकाच्या दिशेने उडू शकतो. म्हणून उपकरण धातूच्या पट्टीने, स्क्रूने किंवा दुहेरी बंधनाने बसवणे आवश्यक असते. ब्रेकच्या नळीत दाबसंवेदक बसवताना गळतीचा धोका असल्याने ते काम जाणकार यांत्रिकाकडून करून घेऊन हवा पूर्णपणे काढावी लागते.

काही गटांत थेट टेलिमेट्री, रेडिओ संपर्क किंवा अतिरिक्त संवेदक यांवर निर्बंध असतात. त्यामुळे खरेदीपूर्वी संबंधित स्पर्धेची पूरक नियमावली वाचणे गरजेचे असते. अधिकृत निकालासाठी लॉगरची वेळ ग्राह्य धरली जात नाही. ती मार्गाखालील तारेवरून जाणाऱ्या ट्रान्सपाँडरच्या साहाय्याने घेतली जाते. धावत असताना पडद्यावरील आकडे पाहणे हेही धोक्याचे असल्याने अनेक प्रशिक्षक सरावात पडदा झाकून ठेवण्याचा सल्ला देतात.

मर्यादा

नोंद ही घडलेल्या गोष्टीची असते. कारण ती आपोआप सांगत नाही. वळणातील वेग कमी दिसला, तर त्यामागे चालकाचा संकोच, थंड टायर, मार्गावरील तेल किंवा पुढे असलेली संथ गाडी यांपैकी काहीही असू शकते. म्हणून प्रत्येक सत्रानंतर हवामान, टायरमधील हवेचा दाब, इंधन व मांडणीतील बदल हाताने लिहून ठेवण्याची पद्धत आहे. अशा टिपणाशिवाय काही महिन्यांनी आलेखांचा अर्थ लावणे कठीण जाते. एका वेळी एकच बदल करावा आणि एका फेरीवरून नव्हे, तर अनेक फेऱ्यांच्या सातत्यावरून निष्कर्ष काढावा, हे प्रयोगशाळेतील सूत्र येथेही लागू पडते.

हे सुद्धा पहा

• जीपीएस
• टेलिमेट्री
• कॅन बस
• कार्टिंग
• बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट